शत्रूला थकवायला दुसऱ्याचं युद्ध पेटतं ठेवावं का?

आमच्या वाडीतला एक मुलगा डेक कॅडेट, म्हणजे बोटीवरचा शिकाऊ अधिकारी, म्हणून पहिल्या बोटीची वाट बघत घरी थांबला आहे. त्याने मला लिहून विचारलं: "कॅप्टन काका, आपला प्रतिस्पर्धी दुसऱ्या कुठल्या लढाईत अडकला असेल, तर ती लढाई लवकर संपू न देणं हेच शहाणपणाचं नाही का? आपला एकही सैनिक मरत नाही. थोडा पैसा, थोडी शस्त्रं दिली की समोरचा वर्षानुवर्षं खंगत राहतो. अफगाणिस्तानात अमेरिकेने सोव्हिएत रशियाला असंच संपवलं म्हणतात. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, ही म्हण तर आपलीच आहे. मग यात धोका नेमका कुठे आहे? आणि भारताने असं का करू नये?"

प्रश्न मनापासून विचारला आहेस, म्हणून उत्तर लांबलं तरी पूर्ण देतो. माझं मत आधी सांगतो. दुसऱ्याचं युद्ध मुद्दाम लांबवणं स्वस्त वाटतं, कारण त्याचं बिल उशिरा येतं. युद्ध चालू ठेवणं तिसऱ्याच्या हातात असतं. ते कुठे पसरेल, कोणाला मोठं करेल आणि कधी थांबेल, यातलं काहीच त्याच्या हातात राहत नाही. भरलेला व्हीएलसीसी, म्हणजे महाकाय तेलवाहू टँकर, फुल अहेडवर, म्हणजे पूर्ण वेगात पुढे जात असताना इंजिन उलटं फिरवलं तरी थांबायला तीन-चार किलोमीटर घेतो आणि तेवढ्या वेळात सुकाणूही नीट ऐकत नाही, हे तू वर्गात शिकला असशील. युद्धाला तर उलटं फिरवायचं इंजिनही नसतं.

मी हे कशाच्या आधारावर बोलतो तेही सांगतो. १९८६ ते १९८८ या काळात मी आधी थर्ड मेट आणि मग सेकंड मेट म्हणून इराणच्या आखातात टँकरवर होतो. पुढे कॅप्टन झालो. समुद्र सोडल्यावर पंधरा वर्षं जहाजांच्या युद्धजोखमीचा अंदाज बांधायचं काम केलं. कोणत्या पाण्यात बोट पाठवायची, कोणत्या वेळी पाठवायची, विम्याचा हप्ता कुठवर चढेल, हे ते काम. त्यात एक सवय लागते. कोण जिंकतंय याकडे आपण फारसं बघत नाही. युद्ध किती दिवस चालेल आणि कुठवर पोहोचेल एवढंच बघतो. तुझ्या प्रश्नाकडेही मी तसंच बघतो.

आखातापासून सुरुवात करतो. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम हुसेनच्या इराकने इराणवर चाल केली. मे १९८२ मध्ये इराणने खुर्रमशहर परत मिळवलं आणि महिन्याभरात सद्दाम सैन्य मागे घ्यायला तयार झाला. युद्ध तिथे संपू शकलं असतं. खोमेनींच्या राजवटीने ते नाकारलं आणि जुलैमध्ये उलट इराकमध्ये सैन्य घुसवलं. हा दोष इराणच्या राज्यकर्त्यांचाच, त्यात शंका नाही. पण त्या काळात बाहेरच्यांनी काय केलं ते बघ. अमेरिकेने १९८२ मध्येच इराकचं नाव दहशतवादाला पाठिंबा देणाऱ्या देशांच्या यादीतून काढलं आणि पुढे इराणी फौजांच्या हालचालींची माहिती बगदादला पुरवली. फ्रान्सने विमानं आणि एक्झोसेट क्षेपणास्त्रं दिली, सोव्हिएत रशियाने रणगाडे दिले. कुवेत आणि सौदी अरेबियाने कर्जं दिली. आणि त्याच अमेरिकेची क्षेपणास्त्रं १९८५-८६ मध्ये इस्रायलच्या वाटेने गुपचूप इराणला पोहोचत होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते उघडकीला आलं तेव्हा आमच्या बोटीच्या मेसमध्ये कोणाला आश्चर्य वाटल्याचं मला आठवत नाही. दोघांपैकी कोणीच जिंकू नये, दोघांनीही दमावं, असं बाहेरच्या बऱ्याच जणांना वाटतं, हे आखातात जाणाऱ्या साध्या खलाशालाही कळलेलं होतं.

आता ते युद्ध पसरलं कसं ते समजून घे, कारण धोक्याचा गाभा इथे आहे. जमिनीवर कोंडी झाली म्हणून १९८४ पासून इराकने इराणचं तेल वाहणाऱ्या जहाजांवर हल्ले वाढवले. इराणचं मुख्य टर्मिनल खार्ग बेटावर. तिथे मारा वाढला तेव्हा इराणने छोट्या खेपांनी तेल खाली सिर्री बेटाजवळ आणायला सुरुवात केली, म्हणजे परदेशी बोटींना खार्गपर्यंत जायला नको. मग इराकी विमानं हवेत इंधन भरून सिर्रीपर्यंत आली. मग तेल आणखी खाली, होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी लारक बेटाजवळ आणलं. विमानं तिथेही आली. १४ मे १९८८ रोजी सीवाइज जायंट ही त्या काळातली जगातली सर्वांत मोठी बोट लारकलाच नांगरावर असताना पेटली. चार वर्षांपूर्वी तो अँकरेज सुरक्षित मानला गेला असता. प्रत्युत्तरात इराणने कुवेत आणि सौदीला जाणाऱ्या बोटी धरल्या. रिव्होल्युशनरी गार्डच्या वेगवान होड्या रॉकेट मारायच्या ते तेलाच्या टाकीवर नाही, अकोमोडेशनवर, म्हणजे माणसं झोपतात तिथे. त्या टँकर युद्धात पाचशेहून अधिक व्यापारी जहाजांना मार बसला आणि चारशेहून अधिक खलाशी मेले. त्यांच्यापैकी बहुतेकांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता.

आम्ही खोर फक्कानला बाहेर नांगर टाकून थांबायचो आणि रात्री होर्मुझमधून आत शिरायचो. ब्रिजच्या, म्हणजे जिथून बोट चालवतात त्या खोलीच्या, दोन्ही विंगवर वाळूच्या गोण्या रचलेल्या असायच्या. चॅनल १६ वर, म्हणजे सगळ्या बोटी ऐकतात त्या रेडिओ चॅनलवर, इराणी नौदलाचा आवाज यायचा: शेवटचं बंदर कोणतं, पुढचं कोणतं, माल काय. उत्तर देताना घसा कोरडा पडायचा, कारण पुढच्या बंदराचं नाव चुकीचं ठरलं तर पहाटेपर्यंत होड्या येणार हे माहीत असायचं. एका रात्री माझ्या आठ ते बाराच्या वॉचमध्ये त्याच चॅनलवर दुसऱ्या एका बोटीचा मदतीचा पुकारा ऐकला. आग लागली होती, माणसं अडकली होती. बोलणारा शांतपणे पोझिशन पुन्हा पुन्हा सांगत होता. भरलेल्या टँकरने आगीजवळ जायचं नसतं, त्यामुळे आम्ही कोर्स धरून पुढे गेलो. माझ्या शेजारी उभा असलेला सुखाणी दापोलीकडचा होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. त्याने व्हील सोडलं नाही आणि वॉच संपेपर्यंत एक शब्दही बोलला नाही. इकडे गावी माझी आई संध्याकाळच्या आकाशवाणीच्या बातम्यांत "आखातात एका तेलवाहू जहाजावर हल्ला" एवढंच ऐकायची. बोटीचं नाव बातमीत क्वचितच असायचं. मग चार-पाच दिवस पोस्टमन तार घेऊन येतो की काय या धास्तीत ती पडवीत बसून राहायची.

ज्यांनी हा खेळ चालू ठेवला त्यांच्या दारात तो कधी आला, हेही सांगतो. १७ मे १९८७ ला इराकी विमानाने दोन एक्झोसेट सोडली आणि ती अमेरिकेच्याच स्टार्क या युद्धनौकेवर आदळली. ३७ अमेरिकी नौसैनिक मेले. ज्याला मदत चालली होती त्याच्याच हातून. त्या जुलैमध्ये कुवेती टँकरवर अमेरिकी झेंडा चढवून पहिला ताफा निघाला, तर त्यातली ब्रिजटन सुरुंगावर गेली. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या क्रूझरने बंदर अब्बासहून दुबईला जाणारं इराणी प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडलं. २९० माणसं गेली, त्यात १० भारतीय होते. त्या कॅप्टनने मुद्दाम प्रवासी विमान पाडलं असं मी म्हणत नाही. इराणी होड्यांशी चकमक चालू होती, मिनिटांत निर्णय घ्यायचा होता. पण आठ वर्षं चाललेल्या युद्धाने चिंचोळ्या समुद्रात युद्धनौका, होड्या, टँकर आणि प्रवासी विमानं अशी दाटी करून ठेवली की अशी चूक कधीतरी होणारच होती. प्रत्येक दिवशी चुकीची शक्यता थोडी असते. दिवस वाढवत नेले की ती साठत जाते. आम्ही विम्याच्या कामात हाच हिशेब करायचो.

आणि मग खरं बिल आलं. कुवेतने इराकला सुमारे १४ अब्ज डॉलर दिले होते, इराण आपल्या अंगावर येऊ नये म्हणून. युद्ध संपलं तेव्हा इराकजवळ प्रचंड अनुभवी सैन्य, फुगलेलं कर्ज आणि रिकामी तिजोरी उरली. सद्दामने कर्ज माफ करा म्हणून दबाव आणला आणि २ ऑगस्ट १९९० ला ज्याने कर्ज दिलं त्या कुवेतलाच गिळलं. युद्धविरामाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती.

तू तेव्हा जन्मलाही नव्हतास, पण तुझ्या आजीला विचार. रत्नागिरी, रायगडच्या खाडीकाठच्या गावांत त्या ऑगस्टमध्ये काय चाललं होतं ते ती सांगेल. कुवेतला नोकरीला असलेला एक जण तरी प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक वाडीत होता. वाळवंटातून बसने, ट्रकने इराक ओलांडून माणसं जॉर्डनला पोहोचली आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक भारतीय परत आणले गेले. विमानांनी केलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या सुटकांपैकी ती एक, आणि ज्यांनी ती केली त्यांचा मला अभिमान आहे. पण परतलेल्यांच्या खिशातल्या कुवेती दिनारांना कोणी हात लावत नव्हतं. आमच्या शेजारचे एक गृहस्थ तिथे फोरमन होते. त्यांच्या चिऱ्याच्या घराचं काम लिंटेलपर्यंत आलं होतं. पुढची नऊ वर्षं ते तिथेच थांबलं, पावसाळ्यात भिंतींवर शेवाळ चढायचं. १९८२ मध्ये जे युद्ध थांबवायला कोणी फार धडपडलं नाही, त्याची किंमत अशी गुहागर तालुक्यातल्या एका घराने भरली.

इराणचं काय झालं? तो संपला का? आठ वर्षांत रिव्होल्युशनरी गार्ड हे स्वयंसेवकांचं दल राहिलं नाही. १९८५ मध्ये त्याला स्वतःचं नौदल आणि हवाईदल मिळालं आणि पुढे ते देशातली सर्वांत ताकदवान संस्था झालं. बाहेरून शस्त्रं मिळेनात म्हणून इराणने क्षेपणास्त्रं, ड्रोन घरीच बनवायला घेतले. तेच शाहेद ड्रोन २०२२ मध्ये रशियाच्या हातून युक्रेनच्या शहरांवर पडले. लांबलेलं युद्ध प्रतिस्पर्ध्याला दमवतं हे खरं, पण ते त्याला शिकवतंही. मवाळ माणसं घरात गप्प होतात, कडवी माणसं वर येतात आणि तुटवड्यात जगायचं कसं याची पूर्ण व्यवस्था उभी राहते. असा शत्रू आधीच्यापेक्षा गरीब असतो आणि जास्त अवघडही असतो.

आता तुझं अफगाणिस्तान. इथे मी प्रामाणिकपणे मान्य करतो की कागदावरचा हिशेब बरोबर निघाला. डिसेंबर १९७९ मध्ये आलेलं सोव्हिएत सैन्य १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचा सैनिक नेऊन परत गेलं. त्यांचे सुमारे १५ हजार जवान मेले. सप्टेंबर १९८६ पासून अमेरिकेच्या स्टिंगर क्षेपणास्त्रांनी त्यांच्या हेलिकॉप्टरांना उंचावर ढकललं. मात्र सोव्हिएत संघ तेवढ्याने कोसळला असं मला वाटत नाही. १९८६ मध्ये तेलाचे भाव पडले, कारखाने आणि शेती आतून पोखरलेली होती, प्रजासत्ताकांना वेगळं व्हायचं होतं. अफगाणिस्तान हा त्यातला एक घाव. विजयाचं श्रेय घेणारे तो एकच घाव दाखवतात.

आणि पुढे काय झालं? सैन्य गेल्यावरही दोन्ही महासत्तांनी १९९१ अखेरपर्यंत आपापल्या बाजूला शस्त्रं पुरवली. मग दोघांनीही हात झटकले. काबूल शहराचं खरं वाटोळं सोव्हिएत सैन्य गेल्यानंतर, १९९२ ते १९९६ या काळात, आधी एकाच बाजूने लढलेल्या टोळ्यांनी केलं. दिलेली स्टिंगर परत विकत घ्यायला अमेरिकेला वेगळी मोहीम चालवावी लागली. १९९६ मध्ये तालिबान आलं, त्याच्या आसऱ्याला अल-कायदा. २००१ नंतर अमेरिका स्वतः वीस वर्षं तिथे लढली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच तालिबानच्या हाती देश सोडून निघाली. पाकिस्तानने वाटेवर बसून वाटा घेतला खरा, पण तीस लाखांवर निर्वासित, अफूचा धंदा आणि गल्लोगल्ली कलाशनिकोव्ह हेही त्याच्याच पदरात पडलं. १० एप्रिल १९८८ ला रावळपिंडीजवळ ओझरीचं कोठार उडालं, अफगाणिस्तानात पाठवायच्या दारूगोळ्याचं. भर सकाळी वस्तीवर रॉकेट पडली.

आपल्यालाही त्याची झळ बसली. त्या युद्धासाठी पाकिस्तानात छावण्या, प्रशिक्षक, चोरवाटा आणि पैसा फिरवायचे मार्ग अशी यंत्रणा उभी राहिली होती. सोव्हिएत सैन्य गेल्यावर ती कोणी मोडली नाही. तिचं तोंड काश्मीरकडे वळलं. १९९३ च्या सुरुवातीला आपल्या श्रीवर्धन तालुक्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स आणि एके-५६ रायफली उतरल्या. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. स्फोटांसाठी निवडलेल्या मुलांना प्रशिक्षण पाकिस्तानात दिलं गेलं होतं, हे खटल्यात सिद्ध झालं. शेखाडीचा तो शांत किनारा मी लहानपणापासून ओळखतो. वॉशिंग्टनमध्ये ज्यांनी सोव्हिएत रशियाला दहा वर्षं रक्तबंबाळ ठेवायचा बेत केला, त्यांच्या नकाशावर शेखाडी कधी आलं नसेल. अशा बेतांचा दोष हाच असतो. करणाऱ्याचा नकाशा लहान असतो आणि आग त्याच्या बाहेर जाते.

किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरातलं एक उदाहरण सांगतो. ते तंतोतंत तेच नाही, युद्ध लांबवण्याचं नाही, पण प्रतिस्पर्ध्याला दुबळं करायला परक्याचा हात वापरण्याचं आहे. तुळाजी आंग्रे नानासाहेब पेशव्यांना जुमानत नव्हते. १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. किल्ल्याच्या आडोशाला वाघोटन खाडीत उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार गोळ्यांनी पेटलं आणि एका दिवसात बहुतेक सगळं जळालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले, म्हणजे हेतू साधला. पण इंग्रज विजयदुर्ग सोडेनात. ऑक्टोबरमध्ये बाणकोट हातात पडल्यावर त्यांनी तो सोडला. आणि तेच वॉटसन आणि क्लाइव्ह वर्षभरात बंगालमध्ये होते, जून १७५७ मध्ये प्लासी झाली. पुढे धुळपांनी विजयदुर्गावरून पेशव्यांचं आरमार चालवलं आणि इंग्रजांची जहाजंही धरली, हे खरं आहे आणि ते विसरता कामा नये. तरी ज्या आरमाराचा धाक मुंबईकर इंग्रजांना दोन पिढ्या होता, ते आपल्याच माणसाच्या संमतीने जळालं. विजयदुर्गाच्या तटावर उभा राहिलो की मला दर वेळी ती खाडी पेटलेली दिसते.

भारताने असं का करू नये, असं तू विचारतोस. भारताने हे करून पाहिलं आहे. १९८३ नंतर श्रीलंकेतल्या तमिळ गटांना आपल्या भूमीवर प्रशिक्षण आणि शस्त्रं मिळाली. तिथल्या तमिळांवर अन्याय होत होता हे खरं होतं, पण कोलंबोवर दबाव ठेवणं हाही हेतू होता. जुलै १९८७ मध्ये करार करून आपण शांतिसेना पाठवली तेव्हा त्या गटांतल्या एलटीटीईला ती शांतता नको होती. ज्यांना तयार केलं त्यांच्याशीच लढताना मार्च १९९० पर्यंत आपले सुमारे १,२०० जवान मेले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी गेले. ज्याला आपण प्यादं समजतो त्याचं स्वतःचं घर असतं, स्वतःचे मेलेले असतात, स्वतःचं उद्दिष्ट असतं. आपलं काम झालं म्हणून तो थांबत नाही. आणि आपण त्याला वापरलं हे त्याला कळलं की तो आपल्याला माफही करत नाही.

आमच्या गावातला कलमांच्या बागेचा दावा तुला माहीत आहे. धाकट्या घराला दर तडजोडीच्या वेळी "आता माघार घेऊ नको, पैसे मी देतो" असं सांगणारा तिसरा होता. त्याला थोरल्या घराचा सूड घ्यायचा होता. अकरा वर्षांनी निकाल लागला तेव्हा धाकट्यांनी वकिलासाठी निम्मी कलमं विकलेली होती. आज त्या घरातलं कोणी त्या तिसऱ्याशी बोलत नाही, थोरल्यांशी मात्र गणपतीला येणं-जाणं सुरू झालं आहे.

आता युक्रेन, कारण तुझ्या मनात तेच असणार. इथे मला एक फरक ठामपणे करायचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने शेजारी देशावर आक्रमण केलं. घरात घुसलेल्याला हाकलायला घरमालकाला मदत करणं आणि शेजाऱ्याचं घर जळत ठेवून घुसलेल्याला भाजणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला माझा विरोध नाही. अडचण अशी की बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात: तीच शस्त्रं, तेच पैसे. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री ऑस्टिन यांनी रशिया दुबळा झालेला आम्हाला बघायचा आहे, असं उघड सांगितलं. त्या क्षणापासून रशियातल्या कडव्यांना आपल्या लोकांसमोर ठेवायला आयता पुरावा मिळाला. उद्दिष्ट "तुमचं सैन्य परत न्या" असं असेल तर समोरच्याला थांबायची एक जागा असते. "तुम्ही दुबळे व्हा" याला जागा कुठली? किती दुबळं झालं म्हणजे पुरे, हे कोणी कधी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आणि हा शत्रू अणुशस्त्रवाला आहे. समज, बेत फसला आणि रशिया टिकला, तर तो चीनच्या, इराणच्या आणि उत्तर कोरियाच्या आणखी जवळ जाईल. तसं होतच आहे, २०२४ मध्ये उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या कुर्स्क प्रांतात लढायला आले. समज, बेत साधला आणि रशिया आतून खिळखिळा झाला, तर हजारो अण्वस्त्रं कोणाच्या ताब्यात? जून २०२३ मध्ये वॅग्नरचे भाडोत्री सैनिक मॉस्कोच्या दिशेने निघाले होते त्या दिवशी पाश्चात्त्य राजधान्यांतही आनंदापेक्षा काळजी जास्त होती. म्हणजे ज्यांना रशिया दुबळा हवा होता त्यांनाही तो खरोखर कोलमडलेला नको आहे. यश आणि अपयश दोन्ही नकोसं असेल, तर ते धोरण आखतानाच चुकलेलं आहे. मधल्या काळात युक्रेनची तरुण पिढी खंदकात आणि परदेशी निर्वासित म्हणून जाते, तिचं वय परत येत नाही.

खर्चाबद्दलही बोलतो, तो माझा विषय. "थोडा पैसा" म्हणतोस तो दिसणारा पैसा. लंडनच्या बाजारात विमा कंपन्यांची एक समिती धोक्याच्या पाण्यांची यादी ठेवते. तुझी बोट त्या यादीतल्या पाण्यात शिरणार असेल तर मालकाला बोटीच्या किमतीवर वेगळा हप्ता भरावा लागतो, सहसा सात दिवसांपुरता. येमेनचं उदाहरण घे. सौदीने २०१५ मध्ये तिथे हस्तक्षेप केला आणि इराणने तिथल्या हुथी बंडखोरांना शस्त्रं देऊन सौदीला वर्षानुवर्षं गुंतवून ठेवलं, अगदी तू म्हणतोस तसं. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तेच हुथी तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले करू लागले. २०२४ च्या सुरुवातीला एका फेरीचा युद्धहप्ता बोटीच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेला. चारशे कोटींची बोट असेल तर एका फेरीला चार कोटी. म्हणून बोटी आफ्रिकेला वळसा घालून दहा ते चौदा दिवस जास्त चालायला लागल्या. त्या वर्षी इजिप्तचं सुएझचं उत्पन्न निम्म्याहून अधिक घटलं. इजिप्तने काय केलं होतं? जानेवारी २०२४ मध्ये मार्लिन लुआंडा ही तेलवाहू बोट हल्ल्यात पेटली तेव्हा तिच्यावर २२ भारतीय होते. आपल्या विशाखापट्टणम या युद्धनौकेची माणसं आग विझवायला चढली, सगळे वाचले. मार्चमध्ये हल्ला झालेल्या ट्रू कॉन्फिडन्स या बोटीवरचे तीन खलाशी वाचले नाहीत.

म्हणून कोणी "हे युद्ध आपल्या फायद्याचं आहे, चालू द्या" म्हणालं की मी काही गोष्टी विचारतो. थांबायची खूण कोणती? ज्याला मदत देता तो उद्या तह करतो म्हणाला तर करू द्याल का? समोरच्याशी बोलायची वाट उघडी आहे का? आणि दिलेलं शस्त्र युद्ध संपल्यावर मोजून परत घ्यायची सोय आहे का? चार दशकांत या चारही प्रश्नांना एकदम सरळ उत्तर मिळालेलं मी पाहिलं नाही. पहिल्या प्रश्नाला तर बहुतेक वेळा उत्तरच नसतं.

तुझ्यापुरतं सांगायचं तर, तू बोटीवर जाशील तेव्हा यातलं कुठलं ना कुठलं पाणी तुझ्या वाटेत असेलच. एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स आहे ना, ते आधी बघ. करारात युद्धक्षेत्राचं कलम शोध आणि सही करायच्या आधी वाच. बोटीला युनियनचा आंतरराष्ट्रीय करार लागू असेल आणि ते पाणी युद्धसदृश क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं असेल, तर आत जायला नकार देण्याचा हक्क तुला आहे. कंपनीने स्वतःच्या खर्चाने तुला घरी पाठवायचं असतं. गेलास तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट आणि काही झालं तर भरपाईही दुप्पट. कॅडेट आहेस म्हणून विचारायला लाजू नकोस, चीफ ऑफिसरला सरळ विचार. आणि निघायच्या आधी बोटीचं नाव, आयएमओ नंबर (बोटीचा कायमचा ओळख क्रमांक) आणि कंपनीच्या ऑफिसचा रात्रीचा फोन नंबर तुझ्या आईला वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दे.